वाहनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुरक्षितपणे कसा बदलावा?

पूर्वी शेतमाल बाजारात नेण्यासाठी बैलगाडी होती, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली आली. आज अनेक वस्त्यांवर स्वतःची छोटी मालवाहू गाडी उभी असते. पहाटे भाजी मार्केट यार्डात, दिवसा दुधाचे कॅन संकलन केंद्रावर आणि येताना खताची पोती, असा तिचा दिनक्रम असतो. ही गाडी बंद पडली तर तोडलेला माल घरीच राहतो. म्हणून किरकोळ दुरुस्ती आपले आपणच करण्याकडे बहुतेकांचा कल असतो आणि तो चांगलाच आहे. परंतु गाडीखाली असलेला एक भाग असा आहे की, त्याला हात लावण्यापूर्वी थोडी माहिती असणे अत्यंत आवश्यक आहे. तो भाग म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा भाग महाग असतो, अतिशय तापतो आणि तो काढण्यासाठी गाडीखाली झोपावे लागते. चूक झाल्यास नुकसान पैशाचेही होते आणि जिवाचेही. त्याविषयीची माहिती या लेखात दिली आहे.

कन्व्हर्टर म्हणजे काय?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये धुराच्या नळीवर स्टेनलेस स्टीलचा एक फुगीर डबा बसवलेला असतो. त्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो. काही गाड्यांत तो धातूच्या पातळ पत्र्याचाही असतो. छिद्रांच्या आतील बाजूस प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून येणारा धूर या छिद्रांतून जाताना त्यातील विषारी कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत रूपांतर होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून साधा नायट्रोजन वायू तयार होतो. हे धातू स्वतः खर्च होत नाहीत. दुधाला विरजण लागते तसे ते केवळ क्रिया घडवून आणतात.

हे काम सुरू होण्यासाठी ठोकळा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. गाडी चालू असताना आतील तापमान सर्वसाधारणपणे ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान असते. ही उष्णता हेच कन्व्हर्टरच्या कामाचे साधन आणि हाच त्यातील मुख्य धोका होय.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाई आणि शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो. त्यामुळे याच शहरांत बिनशिशाचे पेट्रोलही त्याच वेळी उपलब्ध करून द्यावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ हा दर्जा लागू झाला व इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आणण्यात आले. म्हणजेच इंधनामुळे कन्व्हर्टर बिघडण्याची भीती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. तरीही कन्व्हर्टर निकामी होतातच. असे का होते, हे आधी समजून घ्यावे.

कन्व्हर्टर का निकामी होतो?

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कन्व्हर्टर आपोआप क्वचितच खराब होतो. बहुतेक वेळा इंजिनातील दुसरा एखादा दोष त्याला खराब करतो. पिकाची मूळकूज झाली असता केवळ नवे रोप लावून उपयोग होत नाही, आधी वाफ्यातील साचलेले पाणी काढावे लागते. तसेच येथेही आहे. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविल्यास तोही थोड्याच दिवसांत निकामी होतो आणि खर्च पुन्हा डोक्यावर बसतो. मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१) स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉईल खराब होणे : एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर त्यातील पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तेथे जळते. त्यामुळे ठोकळा लालबुंद होतो व शेवटी वितळून छिद्रे बंद होतात. गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालत असेल तर 'आजची खेप करून घेऊ' असे म्हणणे महागात पडते.

२) इंजिनाने ऑईल पिणे : झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील यांमुळे ऑईल जळते. त्यातील फॉस्फरस व जस्त यांचा थर मौल्यवान धातूंवर बसतो.

३) हेड गॅसकेट गळणे : रेडिएटरमधील कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळते व त्याचे क्षार ठोकळ्यावर बसतात. रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल तर ही शंका घ्यावी.

४) भेसळीचे इंधन : रॉकेल मिसळलेले पेट्रोल पूर्ण जळत नाही. इंधन खात्रीच्या पंपावरच भरावे.

५) वारंवार धक्का मारून गाडी सुरू करणे : बॅटरी उतरली असता पेट्रोल गाडीला धक्का मारत राहिल्यास न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साठते. त्यापेक्षा बॅटरी दुरुस्त करून घ्यावी.

६) मार लागणे व एकदम पाणी लागणे : शिवाररस्त्यावरील दगड, उंच बांध यांचा मार बसून आतील ठोकळा तडकतो. लांबून तापून आलेली गाडी तशीच ओढ्याच्या पाण्यात घातल्यासही सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होते हे आपण जाणतोच. ओढ्याला पाणी असल्यास काठावर थोडा वेळ थांबून मगच गाडी पाण्यात घालावी.

बिघाड कसा ओळखावा?

गाडीची ओढ कमी होणे हे प्रमुख लक्षण होय. समजा, चिपळूणकडून आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढत आहोत. नेहमी दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावरही कण्हत चालते आणि इंजिन गरम होते. अशा वेळी कन्व्हर्टर तुंबला असल्याची शक्यता असते, कारण धुराला बाहेर पडायला वाट मिळत नाही. दुसरे लक्षण म्हणजे गाडीखालून खडखड आवाज येणे. गाडी पूर्ण थंड असताना रबरी हातोडीने डब्यावर हलकेच ठोकून पाहावे. आत खडखडले तर ठोकळा फुटला आहे असे समजावे. मात्र बाहेरील उष्णतारोधक पत्रा सैल झाला असला तरी तसाच आवाज येतो. म्हणून प्रथम तो पाहावा. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणे व डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा सतत लागून राहणे हीही लक्षणे आहेत.

दिवा लागला म्हणजे कन्व्हर्टरच गेला, असे मात्र नाही. स्कॅनरवर 'पी ०४२०' हा सांकेतिक क्रमांक आला तर कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचा तो इशारा असतो. परंतु धुराची नळी गळत असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर खराब असेल तरीही तोच क्रमांक येऊ शकतो. म्हणून गॅरेजमध्ये दाब मोजून घ्यावा. त्यासाठी इंजिनाच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावतात. इंजिन मंद चालत असताना दाब साधारणतः ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत असावा. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर तो ०.२ च्या पुढे जात असेल तर कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर तुंबला आहे असे समजावे. ही तपासणी थोड्या वेळात होते आणि विनाकारण होणारा मोठा खर्च वाचतो.

खरेदी करताना

प्रथम गाडी वॉरंटीत आहे काय हे पाहावे. वॉरंटीत असल्यास स्वतः काहीही उघडू नये. नवा कन्व्हर्टर गाडीचे मॉडेल, इंजिन व भारत स्टेज दर्जा यांस जुळणारा घ्यावा आणि माहिती पुस्तिकेतील किंवा वितरकाकडील भाग क्रमांक ताडून पाहावा. स्वस्तातल्या डब्यांत मौल्यवान धातूंचा थर नाममात्र असतो. असा डबा काही महिने चालतो व पुन्हा दिवा लागतो. पक्के बिल अवश्य घ्यावे. कन्व्हर्टरबरोबर दोन्ही टोकांची नवी गॅसकेट, नवे नट-बोल्ट व आवश्यक असल्यास रबरी हँगर एकाच वेळी आणावेत.

हे काम स्वतः करावे काय?

ज्या गाडीत कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असून दोन्ही बाजूंनी फ्लँज व नट-बोल्टने जोडलेला आहे, तेथे हाताला सवय असलेल्या शेतकऱ्यास एका मदतनिसासह हे काम करता येते. परंतु पुढील तीन प्रकारांत ते कुशल मेकॅनिककडेच द्यावे.

अ) कन्व्हर्टर इंजिनाला लागून मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असल्यास.

ब) कन्व्हर्टर नळीला वेल्डिंगने जोडलेला असल्यास. वस्तीवर वेल्डिंग मशीन आहे म्हणून कापून जोडण्याचा मोह होतो. परंतु जवळूनच पेट्रोलची टाकी व नळ्या जातात आणि वेल्डिंगच्या विजेने गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो.

क) डिझेलच्या भारत स्टेज ६ गाडीत, कारण तेथे एकापेक्षा अधिक यंत्रणा एकत्र असतात.

लागणारे साहित्य

जॅक, वजन पेलणाऱ्या दोन किंवा चार लोखंडी घोड्या, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, रिंग व सॉकेट पाने, ऑक्सिजन सेन्सरचा खाचेचा सॉकेट, गंज सोडविणारे तेल, वायर ब्रश, बांधणीची तार, जाड हातमोजे, बंद चष्मा, धुळीचा चांगला मास्क, अंगभर सुती कपडे आणि जवळ पाण्याची बादली व वाळू. शक्य असल्यास अग्निशामक नळकांडे ठेवावे.

बदलण्याची पद्धत

पुढील कामात तीन गोष्टींचा विसर पडू देऊ नये : डबा थंड, गाडीला टेकू आणि काम उघड्या हवेत.

१) जागा निवडणे : काम सिमेंटच्या खळ्यावर किंवा पक्क्या सपाट फरशीवर करावे. काळ्या जमिनीत जॅक व घोडी दोन्ही रुततात आणि गाडी कलते. वरून कोरडी दिसणारी जमीनही वजनाखाली दबते. आजूबाजूला कडबा, पाचट, सोयाबीनचे भूस किंवा कापसाची गंजी नसावी. मुले व जनावरे दूर ठेवावीत.

२) गाडी थंड होऊ देणे : नुकत्याच आलेल्या गाडीखाली हात घालू नये. डबा बाहेरून काळाच दिसतो, त्यामुळे तो तापलेला आहे हे डोळ्यांना कळत नाही. किमान तीन-चार तास जाऊ द्यावेत. सर्वांत उत्तम म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी काम सुरू करावे. लवकर थंड व्हावा म्हणून त्यावर पाणी मारू नये.

३) बॅटरी व गॅस बंद करणे : बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी. गाडी सीएनजीवरील असल्यास सिलिंडरचा हाती व्हॉल्व्ह बंद करावा. गाडीची किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. म्हणजे खाली माणूस असताना कोणी गाडी सुरू करणार नाही.

४) उचलणे व टेकू देणे : हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी व जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. जॅक पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. गाडी उचलल्यावर लगेच घोड्या लावून वजन त्यांच्यावर घ्यावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. विटा, दगड किंवा रिकाम्या पिंपाचा टेकू देऊ नये, कारण वीट एकदम फुटते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला साखळी लावून गाडी उचलून ठेवणे हेही तितकेच धोक्याचे आहे, कारण ऑईल झिरपून लिफ्ट हळूहळू खाली येते. घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. हलली तर खाली उतरवून पुन्हा नीट लावावी. मदतनीस शेवटपर्यंत गाडीबाहेर, हाकेच्या अंतरावर असावा.

५) बोल्ट मोकळे करणे : येथील बोल्ट उष्णतेने व गंजाने धरलेले असतात. त्यांवर गंज सोडविणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. आधी थोडे आवळून मग सोडवावे म्हणजे गंज तुटतो. पान्याला लांब नळी लावून झटके मारू नयेत. पाना निसटला तर हात फुटतो व घोडीवरील गाडी हलते. बोल्ट निघत नाही म्हणून गॅसची ज्योत लावू नये. पेट्रोल, सीएनजी व ब्रेकच्या नळ्या जवळच असतात. अशा वेळी काम थांबवून गाडी गॅरेजला दाखवावी.

६) ऑक्सिजन सेन्सर काढणे : बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टरच्या अलीकडे व पलीकडे एकेक सेन्सर असतो. प्रथम त्याची वायर जोडणीतून सोडवावी, मग सेन्सर फिरवावा. वायर पिळली गेल्यास ती आतून तुटते. कोणती वायर कोठली, यावर खडूने खूण करावी. सेन्सरचे टोक तेल, ग्रीस किंवा हात लागू न देता स्वच्छ कापडावर ठेवावे.

७) कन्व्हर्टर उतरविणे : मागील नळी तारेने गाडीच्या चौकटीला बांधून ठेवावी, म्हणजे ती लोंबकळून वाकणार नाही. डबा काही किलो वजनाचा असतो. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी त्याला खालून आधार द्यावा. तोंडावर गंज पडतो, म्हणून चष्मा काढू नये. डबा आपटू नये किंवा फोडू नये. आतील ठोकळ्याभोवती सिरॅमिक तंतूंचे अस्तर असते व त्याची धूळ फुप्फुसाला अपायकारक आहे.

८) जुना कन्व्हर्टर पाहणे : ही पायरी बहुतेक जण वगळतात, परंतु तीच सर्वांत महत्त्वाची आहे. डब्याची तोंडे उजेडाकडे धरून आत पाहावे. ठोकळा वितळलेला असेल तर ठिणगीचा किंवा जादा पेट्रोलचा दोष आहे. कोरडी दाट काजळी असेल तर इंधनाचे प्रमाण जास्त आहे. ओलसर, तेलकट थर असेल तर इंजिन ऑईल पीत आहे. पांढरट राख किंवा खडूसारखा थर असेल तर ऑईल किंवा कूलंट जळत असल्याची शंका घ्यावी. ठोकळा नुसताच तडकला असून डब्याला पोचा असेल तर बाहेरून मार बसला आहे. जो दोष दिसेल तो दूर केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवू नये. ठोकळ्याचे तुकडे झाले असल्यास ते पुढे सायलेन्सरमध्येही जाऊन अडकतात. म्हणून मागची नळी व सायलेन्सर हलवून, आवाज ऐकून तपासावे.

९) नवा बसविणे : दोन्ही फ्लँज वायर ब्रशने साफ कराव्यात. कन्व्हर्टरवरील बाणाची दिशा इंजिनाकडून सायलेन्सरकडे असावी. जुने गॅसकेट पुन्हा वापरू नये व गळती रोखण्यासाठी साधा सिलिकॉन लेपही लावू नये, कारण त्यामुळे सेन्सर व कन्व्हर्टर खराब होतात. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत व हँगर अडकवून नळी सरळ बसली आहे ना, हे पाहावे. नंतर इंजिनाकडील टोकापासून सुरुवात करून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. सेन्सर हाताने आट्यात घेऊन पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकाच आवळावा. त्याची वायर तापणाऱ्या भागास टेकू देऊ नये.

१०) उष्णतारोधक पत्रा बसविणे : हा पत्रा 'नुसता वाजतो' म्हणून काही जण काढून टाकतात. तसे करू नये. वरच्या बाजूस गाडीचा तळ व नळ्या आणि खालच्या बाजूस वाळलेले गवत यांचे रक्षण तोच करतो.

११) सुरू करून पाहणे : हत्यारे काढून, गाडी जमिनीवर उतरवून, बॅटरी जोडून गाडी उघड्यावरच सुरू करावी. नव्या डब्यावरील तेल जळून पहिली काही मिनिटे थोडा धूर येतो, त्यास घाबरू नये. सुरुवातीच्या मिनिटात फुसफुस आवाज येतो का, हे बाजूने ऐकावे. हाताने चाचपू नये. १५-२० किलोमीटर चालवून आल्यावर गाडी पूर्ण थंड करावी व बोल्ट पुन्हा तपासावेत. जोडाजवळ काळी काजळी दिसल्यास तेथे गळती आहे असे समजावे. शेवटी गॅरेजमध्ये स्कॅनरने जुना दोष क्रमांक पुसून घ्यावा व पी.यू.सी. तपासणी करून आधीच्या पत्रकाशी आकडे ताडून पाहावेत.

बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. कन्व्हर्टर थंड असताना तो हा वायू नष्ट करू शकत नाही, मग तो अगदी नवा असला तरी. पावसाळ्यात शेडचे दार लावून गाडी चालू ठेवल्यास थोड्याच वेळात धोका निर्माण होतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ व ग्लानी ही लक्षणे दिसताच माणसाला मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदतीला धावणाऱ्यानेही आधी दारे उघडावीत. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तेल लावू नये.

आगीपासून सावधगिरी

जुना असो वा नवा, तापलेला कन्व्हर्टर वाळलेल्या गवताला टेकला तर ते पेटू शकते. म्हणून खळ्यावर, गंजीजवळ, पाचटावर किंवा गुडघाभर वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नये. चालू स्थितीत तर मुळीच उभी ठेवू नये. कडबा किंवा भुसा भरताना गाडीखाली पडलेला पाला अधूनमधून ओढून काढावा. गाडीच्या पोटाला अडकलेले गवतही आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, काढून टाकावे.

जुना कन्व्हर्टर फुकट देऊ नका

जुन्या डब्यात काही ग्रॅम का होईना मौल्यवान धातू असतात, म्हणून त्याला चांगली किंमत येते. यामुळेच दोन गैरप्रकार चालतात. एक म्हणजे चोरी, आणि दुसरा म्हणजे गाडी गॅरेजमध्ये दिली असता आतील ठोकळा काढून घेऊन पोकळ डबा वेल्डिंग करून परत बसविणे. बाहेरून काहीच कळत नाही. उलट गाडीची ओढ वाढल्यासारखी वाटते व मालक खूश होतो. काही दिवसांनी दिवा लागतो, पी.यू.सी. मिळत नाही आणि मग नव्या कन्व्हर्टरचा खर्च अंगावर पडतो. यासाठी गाडी देण्यापूर्वी डब्यावर न पुसणाऱ्या रंगाने खूण करावी व कापून जोडल्याच्या ताज्या खुणा आहेत का, हे गाडी घेताना पाहावे. कन्व्हर्टर बदलला असल्यास जुना आपल्या ताब्यात मागून घ्यावा आणि तो पावती देणाऱ्या व्यापाऱ्यासच विकावा.

'कन्व्हर्टर काढून सरळ नळी लावा, अॅव्हरेज वाढते' असा सल्लाही पुष्कळदा मिळतो. तो ऐकू नये. ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण करणारे वाहन चालविणे हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. शिवाय तो विषारी धूर प्रथम आपल्याच अंगणात, आपल्याच मुलाबाळांच्या नाकात जातो. तुंबलेला कन्व्हर्टर काढल्यावर गाडी हलकी वाटते, हे खरे. परंतु चांगला कन्व्हर्टर बसविल्यावरही ती तशीच चालते.

डिझेल गाड्या व ट्रॅक्टरसाठी

आज शेतावर असलेल्या ५० अश्वशक्तीपर्यंतच्या बहुतेक ट्रॅक्टरला साधा सायलेन्सर असतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा अनेक ट्रॅक्टरमध्ये कन्व्हर्टर व काजळी अडविणारा फिल्टर आला आहे. भारत स्टेज ६ च्या डिझेल पिकअपमध्येही तो असतो. साठलेली काजळी ही यंत्रणा स्वतःच जाळते आणि त्या वेळी तेथील तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. ही क्रिया चालू असताना ट्रॅक्टर भुशात किंवा शेडमध्ये उभा ठेवू नये. त्याचप्रमाणे पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑईलच वापरावे, अन्यथा फिल्टर राखेने भरतो.

काही डिझेल वाहनांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व क्षारविरहित पाणी असते. घरात युरियाचे पोते आहे म्हणून ते पाण्यात विरघळवून या टाकीत कदापि घालू नये. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचे आवरण असते, त्यात बाययुरेटही असते आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. यामुळे फवारणीचे तोंड व महागडा कन्व्हर्टर दोन्ही निकामी होतात. शिवाय अनुदानाचे खत शेतीव्यतिरिक्त वापरणे बेकायदेशीर आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

* दाब मोजल्याशिवाय व गळती तपासल्याशिवाय कन्व्हर्टर बदलू नये.
* कन्व्हर्टर कशामुळे गेला ते शोधून तो दोष आधी काढावा.
* गाडी रात्रभर थंड करावी, पक्क्या जमिनीवर घोड्या लावाव्यात, किल्ली खिशात ठेवावी.
* ज्योत, वेल्डिंग व लांब नळीचा झटका टाळावा.
* नवी गॅसकेट, बाणाची दिशा व उष्णतारोधक पत्रा विसरू नये.
* बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये आणि तापलेली गाडी गंजीजवळ उभी करू नये.
* जुना कन्व्हर्टर मागून घ्यावा व पावतीवरच विकावा.

हंगामाच्या धावपळीत गाडी एक दिवस उभी ठेवणे जिवावर येते. परंतु माल एक दिवस उशिरा गेला तर नुकसान भावातील फरकाचे होते. घाईने जॅकच्या भरवशावर गाडीखाली गेल्यास होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून हे काम शक्यतो सुगीपूर्वी, मोकळ्या दिवशी हाती घ्यावे आणि जेथे शंका वाटेल तेथे पाना खाली ठेवून जाणकार मेकॅनिकचा सल्ला घ्यावा.